टाकव्याच्या तारेवरचा दिवा

शुक्रवार, मे महिन्याचा दुसरा आठवडा, साल १९६९. ठिकाण: लोणावळ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधली टेस्टरूम. हजर: मी, इन्स्पेक्टर काळे. शेजारच्या खोलीत स्विचबोर्डवर सुमतीबाई. मधलं दार उघडं, म्हणून त्याही हजरच. आणि तिसरा, लाइनमन कोंडिबा लोहकरे. तो त्या वेळी आमच्यापासून सात-आठ कोसांवर, टाकवे बुद्रुकहून कान्हे स्टेशनच्या दिशेनं तारेखालून चालत येत होता. तरी त्याचं नाव मी हजेरीत धरतो. त्या सकाळी खोलीत जे काही झालं ते त्याच्यासाठीच झालं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती आहेत. कुसगावच्या एका बंगल्यातले मुंबईकर शेठ घ्या. फोनमध्ये सारखं गुणगुणतं, भुंगा शिरला असावा, अशी त्यांची तक्रार होती. मी जाऊन पाहतो तो माळ्यानं फोनखाली धुपाटणं ठेवलेलं, रिसीव्हर पंच्यात गुंडाळलेला, आणि शेठ दाराआड उभे. भुंगा नव्हताच. टेलिफोनच्या तारेशेजारून विजेची तार गेली की ती न शिवतासुद्धा आपलं गुणगुणणं आमच्या तारेत सोडते. अशा गुणगुणण्यानं कुणी मरत नाही. शेठना तसं सांगितलं तेव्हा त्यांनी माळ्याला धुपाचे पैसे वाया घालवल्याबद्दल झापलं.

पण त्या शुक्रवारीही सुरुवात अशाच गुणगुणण्यानं झाली, म्हणून मला ही गंमत पूर्ण हसून सांगता येत नाही.

आधी आमचं काम थोडक्यात. लोकांना वाटतं टेलिफोनवाला म्हणजे खांबावर चढणारा. खांबावर चढणं हे शेवटचं काम. त्याआधी बिघाड कुठल्या खांबापाशी आहे ते खोलीत बसून काढायचं असतं. त्यासाठी माझ्या टेबलावर चार वस्तू असत. कानाला लावायचा हेडफोन. काट्याचा व्होल्टमीटर. हातानं दांडा फिरवायचा मेगर, जो तारेतून वीज कुठं जमिनीत झिरपते का ते सांगतो. आणि लाकडी पेटीतला ब्रिज, ज्याची बटणं फिरवत गेलं की बिघाड किती अंतरावर आहे ते निघतं. पाचवी वस्तू खात्यानं दिलेली नव्हती, मी केली होती: साधा घरगुती बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एक वायर जमिनीला, एक तारेला. आमच्या तारेत टेलिफोनची वीज असेल तर हा बल्ब लागत नाही, तेवढी ताकद तिच्यात नसते. शेजारच्या तारेचं नुसतं गुणगुणणं असेल तरीही लागत नाही. बल्ब लागला तर अर्थ एकच: घरातल्या दिव्यांची वीज आमच्या तारेत खरोखर शिरली आहे.

त्या दिवसापर्यंत तो बल्ब मी फक्त पुसून ठेवत असे.

टाकव्याच्या पोस्टातला फोन आदल्या संध्याकाळपासून खरखरत होता. कोंडिबाचं घर टाकव्याच्या वरच्या वाडीत, म्हणून त्याला निरोप होता की सकाळी तिकडूनच तार बघत ये. सुमतीबाईंनी तिथली लाइन कानाला लावली आणि मला हाक मारली.

"काळेसाहेब, टाकव्याला पण भुंगा शिरला वाटतं. धूप पाठवायचा का?"

मी हेडफोन घेतला. आवाज मोठा होता. व्होल्टमीटर लावला. काटा वर गेला नाही, शून्यावरच उभा राहून थरथरत राहिला, थंडी वाजल्यासारखा. माझा मीटर बॅटरीची वीज मोजणारा. उलटसुलट धावणाऱ्या घरगुती विजेपुढे त्याचा काटा असाच जागच्या जागी कापतो. मी बल्ब काढला, एक वायर जमिनीच्या पट्टीला लावली, दुसरी रबरी हातमोजा घालून तारेला.

बल्बमधली तार आधी लाल झाली, मग पिवळट. मंद, पण स्थिर.

सुमतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. "हे काय?" म्हणाल्या.

"दोनशे तीस," मी म्हणालो. "आपल्या तारेत."

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोठ्या दाबाची, अकरा हजारांची तार आमच्या तारेवर पडली तर एक्सचेंजमध्ये भडका उडतो, फ्यूज जातो, सगळ्यांना कळतं. घरगुती वीज तसं काही करत नाही. आमचे फ्यूज तिला अडवत नाहीत. ती गुपचूप येऊन तारेत बसते आणि कुणी हात लावायची वाट बघते.

आणि कोंडिबा नुसता हात लावणारा नव्हता.

जुन्या लाइनमन लोकांची एक रीत होती. लाइनवर माणूस असला की आम्ही एक्सचेंजमधून तारेला बॅटरी देऊन ठेवायचो. लाइनमन खांबावर चढला की तार जिवंत आहे का ते बघायला सरळ तिला जीभ लावायचा. मुंग्या आल्या की तार चांगली. मग पाठीवरचा टेलिफोन आकड्यानं तारेला अडकवायचा आणि आमच्याशी बोलायचं. मी ही रीत बंद करा म्हणून किती वेळा सांगितलं. कोंडिबा म्हणायचा, "साहेब, मीटर खाली ठेवून चढावं लागतं. जीब काय, हितंच हाय." टाकव्यात वीज नुकतीच आली होती. त्याच्या जिभेची रीत त्याआधीची.

त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. पुण्याहून येणारी सकाळची पॅसेंजर कान्ह्याच्या पुलावरून गेल्याचा आवाज आला की तो जवळच्या खांबावर चढायचा आणि आम्हाला हाक द्यायचा. इतकी वर्षं हाच नेम.

त्याला सावध करायचा एकच रस्ता माझ्याकडे होता: ती तार. आणि तीच तार आता त्याला मारणार होती.

काय करता येईल ते मी टेबलावरच्या कागदावर भराभर लिहिलं. वीज मंडळ. रेल्वे. ब्रिज. ब्रिज लगेच खोडला. तारेत परकी वीज असताना ब्रिज लावला तर त्याचा नाजूक काटा जळून जातो. म्हणजे बिघाड नेमका कुठं हे सांगणारं एकमेव यंत्र माझ्या हाताशी होतं आणि मला त्याला हात लावता येत नव्हता.

सुमतीबाईंनी तळेगावचं विजेचं ऑफिस लावून दिलं. तिकडचे गृहस्थ सभ्य होते.

"कुठल्या खांबापाशी लागली आहे तार?"

"ते माहीत नाही. टाकव्याची वीज बंद करा."

"तुम्ही लोणावळ्यात बसून सांगताय तार लागली म्हणून. दिसलं कसं?"

"दिवा लागलाय."

"कुठं?"

"माझ्या टेबलावर."

"वायरमन बाहेर गेलाय. आला की पाठवतो."

मग स्टेशन. लोणावळ्याचे असिस्टंट स्टेशन मास्तर माझ्या ओळखीचे, सकाळचा चहा बरोबर घेणारे. मी एका दमात सांगितलं: कान्ह्याहून कुणाला तरी सायकलवर टाकव्याच्या रस्त्याला पाठवा, आमचा माणूस दिसेल तिथं थांबवा, तारेला हात लावू देऊ नका. आणि पॅसेंजर थांबवता येईल का?

"काळे, गाडी म्हणजे टांगा नव्हे. कशासाठी थांबवू?"

"ती कान्ह्यावरून गेली की तो तार चाटणार."

"काय करणार?"

"जीभ लावणार. सवय आहे."

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. ते विचारून आले. "पॅसेंजर अजून मागं वडगावलाच उभी आहे. नशीब तुमचं. तिला बाजूला ठेवून मालगाडी पुढं काढतायत. कान्ह्याचा गणपत पोर्टर निघतोय सायकलवर."

मी आभार मानले, फोन ठेवला, आणि मग ध्यानात आलं. मालगाडी. पुलावरून गाडी तर जाणारच. पॅसेंजर काय आणि मालगाडी काय, खांबाखाली बसलेल्या माणसाला पुलाचा आवाज येणार. मी पुन्हा फोन उचलला.

"मालगाडी कुठं आहे?"

"गेली की. आत्ताच कान्हे सोडलं तिनं."

सुमतीबाई बोर्ड सोडून दारातच उभ्या होत्या. बोर्डावर दोन-तीन झडपा पडल्या, म्हणजे लोक नंबर मागत होते. त्या एरवी एक झडप पडू देत नसत. त्या दिवशी त्यांनी वळून पाहिलं नाही. आम्ही दोघं बल्बकडे बघत होतो.

तारेला मधेच माणूस लागला तर बल्ब मंद होईल, हा माझा हिशेब होता. किती मंद, ते मला माहीत नव्हतं. डोळ्याला कळेल इतका होईल का, तेही माहीत नव्हतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी करवंदं विकत ओरडत होतं.

बल्ब फडफडला आणि विझला.

सुमतीबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

मी स्वतःला सांगितलं: शक्यता तीन. वीज मंडळानं वीज बंद केली. नाहीतर वाऱ्यानं तार सुटून बाजूला झाली. तिसरी मी मनातही पूर्ण केली नाही. हातमोजा घालून बल्बची वायर काढली आणि तिथं टेलिफोन लावला. गुणगुणणं पार गेलं होतं. तार इतकी स्वच्छ मी त्या वर्षात ऐकली नव्हती.

मग तारेवर खर्रकन आवाज आला. आकडा अडकवल्याचा आवाज.

"हालो. हालो एक्सचेंज. कोंडिबा बोलतोय."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो जिवंत होता आणि तारेला चिकटून होता.

"कोंडिबा, तार सोड."

"नमस्कार साहेब. आज बॅटरी दिली न्हाई का? जीब लावून बगितली, मुंग्याच न्हाईत."

म्हणजे जीभ लावून झाली होती. बल्ब विझल्यानंतर.

"तार सोड आधी. बोलू नकोस."

"व्हय, सोडतो की. पन पाशिंजर आज आलीच न्हाई बगा. नुसत्या मालगाडीच्या वाघिणी गेल्या. वाघिणींचा आवाज मला कळत न्हाई व्हय? म्हनून बसून ऱ्हायलो. मग म्हनलं किती वाट बगायची."

"कोंडिबा, ऐक. टाकव्याची लाइट गेली आहे. कुठल्याही क्षणी परत येईल. विजेची तार आपल्या तारेला लागली आहे. सोड!"

"कुटं लागली?"

"मला माहीत नाही!"

"मग मी बगतो की. मागं सगळं बगत आलोय, काय दिसलं न्हाई. रातच्याला गावात लगीन हुतं, तितं मांडवात गर्दी लय, तेवढं न्हाई बगितलं. तुमी बोला साहेब, मी ऐकतोय."

तुमी बोला, मी ऐकतोय. हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं. कोंडिबा साहेब बोलत असताना फोन काढणारा माणूस नव्हता. आमच्याकडे कुठलाच लाइनमन तसा नव्हता. साहेबांनी फोन ठेवला की मग आकडा काढायचा, ही त्यांची अदब. मी 'सोड, सोड' म्हणून ओरडत होतो आणि जोवर मी ओरडत होतो तोवर तो सोडणार नव्हता. माझाच आवाज त्याला त्या तारेला धरून ठेवत होता.

मी एक शब्दही पुढे न बोलता टेलिफोनची वायर उपटली.

सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, तोडलंत?"

मी बोटांनी बल्बची वायर शोधत होतो. हातमोज्यात हात जात नव्हता. शेवटी गेला. वायर तारेला लावली. बल्ब काळाच होता. मी मनात म्हणत होतो, काढला असेल, आता काढला असेल, आता खाली उतरत असेल.

बल्ब लागला. लाल, मग पिवळट.

"त्यानं सोडली असेल ना हो?" सुमतीबाईंनी विचारलं.

"असेल."

याहून जास्त मला काही सांगता येत नव्हतं, आणि बल्बला तर त्याहून कमी सांगता येत होतं. मी इतकी वर्षं यंत्रांसमोर बसलो आहे. तार तुटली, ओली झाली, जमिनीला लागली, हे सगळं ती सांगतात. पलीकडचा माणूस खाली उतरला का, हे कुठलाच काटा सांगत नाही. सुमतीबाई बोर्डावर जाऊन बसल्या आणि झडपा एकेक वर करू लागल्या. नंबर चुकत होत्या. लोक रागावत होते, त्या "हो हो" म्हणत होत्या.

बऱ्याच वेळानं स्टेशनचा फोन आला. मी उचलला.

"काळे? अहो काळे. तुमचा माणूस कान्ह्याला आलाय. गणपतच्या सायकलवर मागं बसून."

मी खुर्चीत बसलो. तोवर उभाच होतो हे तेव्हा कळलं.

"आणि तो विचारतोय, साहेब रागावले का? मधेच फोन आपटला म्हणून त्याला वाईट वाटलंय."

दुपारी आम्ही टाकव्याला पोचलो. मारुतीच्या देवळापुढं मांडव. त्या मोकळ्या जागेत आमचा लोखंडी खांब मधोमध उभा. मांडववाल्यानं दिव्यांच्या माळेची आणि कर्ण्याची वायर विजेच्या खांबावरून आणून आमच्या खांबाच्या आडव्या पट्टीवर दोन वेढे देऊन पुढे नेली होती. जिथं वायरीवरचं कापडी आवरण झिजलं होतं तिथं ती आमच्या तारेवर टेकत होती. वायरमननं आमच्या आधी पोचून मेन बंद केलं होतं. त्याच्याकडूनच कळलं की सकाळी कुणी वीज बंद वगैरे केली नव्हती. ती आपली आपण गेली होती आणि आपली आपण आली होती, नेहमीसारखी.

मी मांडववाल्याला वायर दाखवली. तो म्हणाला, "खांब सरळ हाय, मजबूत हाय. बांबूपरीस बरा. लाइट आल्यापास्नं समदी लग्नं ह्याच्यावरच झाली की साहेब, कुनाला काय झालं?"

पारावरच्या एका आबांनी जोड दिली, "साहेब लोनावळ्यात बसून भ्याले म्हनं. रेल्वे थांबवीत हुते."

हसू पिकलं. कोंडिबाही हसला. गावात त्याची चेष्टा आधीच सुरू झाली होती. बायका त्याला "जीब संभाळ रं बाबा" म्हणत होत्या. नवरदेवाच्या बापानं आम्हाला जेवायला बसायचा आग्रह केला. आम्ही बसलो. लाडू चांगले होते.

जेवणानंतर मी कोंडिबाला शिडी लावून वर चढवलं आणि स्वतः त्याच्यामागं चढलो. आमच्या तांब्याच्या तारेवर मोहरीएवढा काळा डाग होता. विजेनं चावलेला. त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिला. निघेना.

"मंजी मी जीब लावली तवा..."

"तेव्हा लाइट गेली होती."

"आनि न्हाई गेली असती तर?"

मी शिडी उतरू लागलो. तोही खाली उतरला, देवळाच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "बरं. आता जीब न्हाई लावायचो." मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच पुढे म्हणाला, "थुंकी लावून बोट लावीन."

मी त्याला तसाच एक बल्ब करून दिला. तो आजही त्याच्या पिशवीत असतो. फुटू नये म्हणून फडक्यात गुंडाळून, अगदी तळाशी.

खांब तिथून हलवावा असा अर्ज मी त्याच आठवड्यात केला. उलट विचारणा आली: अपघात झाला काय? झाला नाही. जीवितहानी? नाही. साहित्याची हानी? मोहरीएवढी. अर्ज क्रमाला लागला. क्रम आला तेव्हा मी माणसं घेऊन गेलो, तालमीच्या मागं नवा खड्डा खणला. गावानं हरकत घेतली. पंच म्हणाले, "खांब तितं नेला तर मांडव कशाला बांधायचा?" मी समजावलं. ते म्हणाले, लग्नसराई संपू द्या. लग्नसराई संपली, पाऊस आला, खड्डा भरला. पुढल्या वर्षी पुन्हा खणला, पुन्हा भरला. मधे मंजुरीची मुदत संपली, नवी मंजुरी आणली. नवा खांब आणून तालमीमागं टाकला आहे. त्याच्यावर बायका गोधड्या वाळत घालतात. तार बदलून द्यायला तांबं मिळत नाही म्हणून काम पुन्हा थांबलं आहे.

दर हंगामाला मी जातो, मांडववाल्याला वायर काढायला लावतो, परत येतो. मी वळलो की ती पुन्हा चढते हे मला माहीत आहे.

तुम्ही हा अंक वाचत असाल तेव्हा तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं असेल. टाकव्यात यंदा पहिलं लग्न कोंडिबाच्या धाकट्या मुलीचं आहे. पत्रिका त्यानं स्वतः आणून दिली. मांडव मारुतीपुढंच घालणार आहेत. खांब अजून तिथंच उभा आहे.